‘सेफली रिमूव्ह’ची आता गरज नाही, असं कृपया छापू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर मध्यंतरी एक चौकट आली होती. त्यात लिहिलं होतं की पेनड्राईव्ह काढताना ते ‘सेफली रिमूव्ह’ वगैरे करत बसायची आता गरज राहिलेली नाही, सरळ काढून घ्या, काही होत नाही. ती वाचल्यापासून मला चैन नाहीये, कारण मी लोकांचे कम्प्युटर सांभाळायचं काम करतो आणि ज्यांच्या फायली गेल्यात अशी माणसं माझ्यापुढे येऊन बसतात, कुणाचा थिसिस असतो, कुणाचे बाळाचे पहिले फोटो, कुणाचे वर्षाचे सगळे हिशोब, आणि जवळपास प्रत्येकजण हेच सांगतो की अहो कॉपी पूर्ण झाली होती, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. कॉपी पूर्ण झालेली स्क्रीनवर दिसली हेही खरं असतं आणि फाईल पेनड्राईव्हवर पोचलीच नव्हती हेही खरं असतं. या दोन गोष्टींच्या मधे नक्की काय होतं ते शाळेत शिकवत नाहीत, कम्प्युटर विकणारा सांगत नाही, आणि आता पेपरात उलटं छापून आलं. म्हणून पत्र जरा लांबलं तरी पूर्ण वाचा ही विनंती.

आधी त्या चौकटीत जे बरोबर होतं ते मान्य करतो. विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं जे अपडेट होतं, १८०९ नंबरचं, त्यात मायक्रोसॉफ्टने बाहेरून जोडायच्या ड्राईव्हची डीफॉल्ट सेटिंग बदलली. आधी ‘बेटर परफॉर्मन्स’ होती, ती ‘क्विक रिमूव्हल’ झाली. क्विक रिमूव्हलमध्ये विंडोज लिहायचं काम मेमरीत साठवून ठेवत नाही, लगेच ड्राईव्हकडे पाठवतं, त्यामुळे काहीच लिहिणं चालू नसेल तर ड्राईव्ह नुसता काढला तरी सहसा चालतं. पण हे फक्त विंडोजपुरतं आहे, फक्त त्या व्हर्जनपासून पुढचं आहे, आणि एखाद्याने स्पीड वाढावा म्हणून आपल्या बाहेरच्या हार्डडिस्कला परत ‘बेटर परफॉर्मन्स’ लावलं असेल तर त्या डिस्कला ते लागूच होत नाही. लिनक्सचं वेगळं, मॅकचं वेगळं. आणि ‘काहीच लिहिणं चालू नसेल तर’ हा जो भाग आहे तो चौकटीत गाळलेलाच होता, जो खरं तर सगळ्यात महत्त्वाचा, कारण लिहिणं चालू आहे की नाही हे बाहेरून बघून माणसाला कळत नाही.

आता मुळापासून सांगतो. ड्राईव्ह जोडला की कम्प्युटरला सुरुवातीला त्यात फायली दिसत नाहीत, फोल्डर दिसत नाहीत, नावं दिसत नाहीत. दिसतात फक्त नंबर घातलेले तुकडे, प्रत्येक ५१२ बाईटचा किंवा ४०९६ बाईटचा. कुठल्या तुकड्यांची मिळून एक फाईल होते, तिचं नाव काय, साईज किती, कुठली जागा मोकळी आहे, हा सगळा हिशोब त्याच ड्राईव्हवर ठराविक पद्धतीने लिहिलेला असतो आणि त्या पद्धतीलाच फाईल सिस्टीम म्हणतात. पेनड्राईव्हवर बहुतेक फॅट३२ किंवा एक्सफॅट असते, विंडोजच्या डिस्कवर एनटीएफएस, लिनक्सवर बऱ्याचदा ईएक्सटी४. माऊंट करणं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमने त्या हिशोबाचं पहिलं पान वाचणं, ते पटतंय का बघणं, आणि मग त्या ड्राईव्हचं वरचं फोल्डर आपल्या फोल्डरच्या झाडाला जोडून देणं. विंडोजवर ई, एफ असं अक्षर मिळतं, लिनक्सवर एखाद्या रिकाम्या फोल्डरला जोडलं जातं. यात एकही फाईल कुठून कुठे कॉपी होत नाही, म्हणून तर दोन टीबीची डिस्कसुद्धा दोन-चार सेकंदात माऊंट होते.

पण माऊंट झाल्या क्षणापासून एक गोष्ट बदलते आणि ती लोकांपर्यंत पोचलेली नाही. माऊंट असेपर्यंत त्या ड्राईव्हची खरी, ताजी अवस्था ही डिस्क आणि मेमरी मिळून असते, एकट्या डिस्कवर ती पूर्ण असेलच असं नाही. तुम्ही फाईल सेव्ह केली, कॉपी केली, नाव बदललं, डिलीट केली, यातलं बरंचसं आधी रॅममध्ये, म्हणजे कम्प्युटरच्या मेमरीत, होतं आणि डिस्कवर नंतर जातं. डिस्क हळू असते, रॅम फार जलद असते, प्रत्येक बारीक बदलासाठी थांबून राहिलं तर कम्प्युटर वापरवणार नाही, म्हणून ही सोय केलेली आहे आणि सोय चांगलीच आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही.

लिनक्समध्ये हे आकड्यांत सांगता येतं. मेमरीच्या ज्या तुकड्यांतलं अजून डिस्कवर लिहायचं राहिलंय त्यांना तिथे ‘डर्टी’ पानं म्हणतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, दर ५ सेकंदांनी उठून बघतो आणि जी पानं ३० सेकंदांपेक्षा जुनी झालीत ती डिस्कवर पाठवायला घेतो. शिवाय अशी पानं वापरता येण्याजोग्या मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की मागच्या मागे लिहिणं सुरू होतं आणि २० टक्क्यांवर गेली की मग जो प्रोग्राम लिहितोय त्यालाच थांबवून धरतात. आता हिशोब करा, १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, ६०० एमबीचा व्हिडीओ पेनड्राईव्हवर टाकला, पेनड्राईव्ह साधा, सेकंदाला १० एमबी लिहिणारा. व्हिडीओ अख्खा रॅममध्ये मावतो, त्यामुळे प्रोग्रेस बार बघता बघता शंभरला जातो आणि खिडकी बंद होते, पण त्या पेनड्राईव्हला तेवढं लिहायला १ मिनिट लागणारच, त्यात काही जादू नाही. त्या मिनिटात ड्राईव्ह काढला की जेवढं लिहून झालं तेवढं आत आणि बाकीचं रॅममध्ये, जे आता कुठेच जाऊ शकत नाही. डेस्कटॉपवर पेनड्राईव्ह आपोआप माऊंट होतो तेव्हा काही वेळा यापेक्षा लवकर लिहायची सेटिंग असते, पण नक्की कधी लिहून झालं हे तरीही प्रोग्रेस बार सांगत नाही.

लोकांना वाटतं, बरं, गेली तर नवीन फाईल जाईल, मूळ माझ्याकडे आहेच, परत कॉपी करीन. तेवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. एक फाईल लिहायची म्हणजे कमीत कमी तीन ठिकाणी लिहावं लागतं, प्रत्यक्ष मजकूर, फोल्डरमधली नाव-साईजची नोंद, आणि कुठली जागा कुणाला दिली त्याचा तक्ता. फॅट३२ मध्ये हा तक्ता सहसा दोन प्रतींत असतो. या तीन गोष्टी एकाच वेळी लिहिल्या जात नाहीत, मागेपुढे होतात, आणि मधेच ड्राईव्ह निघाला तर त्यांचा आपसात मेळ राहत नाही. नाव दिसतं पण साईज शून्य, किंवा साईज पूर्ण दाखवते पण उघडल्यावर आत कचरा, किंवा दोन फायली एकाच जागेवर हक्क सांगतात. आणि तक्त्याचा जो ५१२ बाईटचा तुकडा लिहिला जात होता त्यात १२८ नोंदी मावतात, त्या सगळ्या काही तुमच्या नव्या फाईलच्या नसतात, बाजूच्या जुन्या फायलींच्याही असतात. पेनड्राईव्हच्या पोटातली चिप तर आणखी वेगळी भानगड आहे. तिला लहान जागा पुसता येत नाही, मोठा गठ्ठा पुसावा लागतो, म्हणून ती आतल्या आत जुना डेटा इकडचा तिकडे हलवत असते, आणि तेव्हाच करंट गेला तर ज्या फोटोंना तुम्ही आज हातही लावला नव्हता ते जाऊ शकतात. म्हणजे नवीन काहीतरी टाकताना केलेल्या घाईची किंमत जुन्या गोष्टींना मोजावी लागते. हे मी बघितलंय, आणि ज्यांचं जातं त्यांना ते पटतच नाही, की मी तर त्या फोल्डरमध्ये गेलोही नव्हतो.

‘सेफली रिमूव्ह’ किंवा ‘इजेक्ट’ दाबलं की सिस्टीम ड्राईव्ह अनमाऊंट करते, म्हणजे जोडलेला सोडवते. अनमाऊंट केल्यावर काय होतं ते आता बघा म्हणजे त्या एका क्लिकचं महत्त्व कळेल. आधी सिस्टीम बघते की या ड्राईव्हवरची एखादी फाईल कुणी उघडून बसलंय का. नसेल तर रॅममध्ये राहिलेलं सगळं डिस्कवर लिहिते, मजकूर, नोंदी, तक्ते सगळं. मग डिस्कला सांगते की तुझ्या स्वतःच्या कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, काही धरून ठेवलं असशील तर तेही पक्कं कर. डिस्कवरच्या पहिल्या पानावर ‘व्यवस्थित बंद केली’ अशी खूण करते, ही खूण फॅटमध्ये असते, एक्सफॅटमध्ये असते, ईएक्सटी४ मध्येही असते, आणि सगळ्यात शेवटी झाडापासून ते फोल्डर सोडवते. हे सगळं झाल्याशिवाय ‘आता काढू शकता’ हा मेसेज येत नाही. कधी कधी इजेक्ट केल्यावर एक-दोन मिनिटं नुसतं फिरत राहतं आणि लोक वैतागतात, हँग झालं म्हणतात आणि ड्राईव्ह ओढतात. अहो ते हँग नाहीये, ज्याला तुम्ही कॉपी म्हणत होतात ती खरी कॉपी आत्ता चाललीये.

जाणकार वाचक इथे म्हणतील की आता जर्नल असलेल्या फाईल सिस्टीम आहेत, तेव्हा एवढं घाबरायचं कारण नाही. एनटीएफएस १९९३ पासून तशी आहे, लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये ईएक्सटी३ २००१ मध्ये आली तेव्हापासून तिथेही जर्नल आहे. कल्पना आपल्या रोजकीर्दीसारखी आहे, आधी रोजकीर्दीत नोंद करायची आणि मग खतावणी करायची, म्हणजे मधेच दिवे गेले तरी रोजकीर्द बघून खतावणी पुरी करता येते. फार मोठी सोय आहे ही, पूर्वी डिस्क नीट बंद झाली नाही तर पुढच्या वेळी ती अख्खी तपासावी लागायची आणि मोठ्या डिस्कला तासन्‌तास जायचे. पण जर्नलमध्ये सर्वसाधारणपणे नोंदी आणि तक्ते असतात, तुमचा मजकूर नसतो. ईएक्सटी४ ची डीफॉल्ट पद्धत एवढीच हमी देते की नोंद पक्की करायच्या आधी तिचा मजकूर डिस्कवर गेलेला असेल. जे रॅममधून निघालंच नाही त्याबद्दल जर्नलला काही माहीतच नसतं, तर ते वाचवणार कुठून? फाईल सिस्टीम शाबूत राहील आणि तुमचं सकाळपासूनचं टायपिंग जाईल, जर्नलच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. आणि तुम्ही-आम्ही खिशात घालून हिंडतो त्या पेनड्राईव्हवरच्या फॅट३२ आणि एक्सफॅटला जर्नल नाहीच मुळी.

याच्यावरून २००९ मध्ये लिनक्सवाल्यांमध्ये मोठा वाद झालेला. ईएक्सटी४ तेव्हा नवीन होती आणि जागा कुठली द्यायची ते ती मुद्दाम उशिरा ठरवायची, त्याने स्पीड वाढतो. झालं असं की सिस्टीम अचानक बंद पडली की काही जणांच्या सेटिंगच्या फायली शून्य बाईटच्या होऊन बसायच्या, जुना मजकूरही नाही आणि नवाही नाही. ती फाईल सिस्टीम सांभाळणारे थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ‘एफसिंक’ करून डेटा पक्का करून घ्यायला हवा, सिस्टीमने तशी हमी कधी दिलीच नव्हती. नियमाने त्यांचं बरोबर होतं. वापरणाऱ्यांचं म्हणणं, आम्हाला ते काय माहीत, आमची फाईल गेली. तेही बरोबरच. शेवटी कर्नल २.६.३० मध्ये जुन्या फाईलच्या जागी नवी ठेवण्याचे जे नेहमीचे प्रकार आहेत ते ओळखून आधी मजकूर लिहून घ्यायची सोय केली. मला या वादातून एवढंच वाटतं की इतकी हुशार माणसं जिथे ‘सेव्ह झालं’ म्हणजे नक्की काय यावर एकमेकांशी भांडली तिथे पेपरातल्या चार ओळींच्या चौकटीने एवढ्या खात्रीने ‘काही होत नाही’ म्हणू नये.

‘डिव्हाईस बिझी आहे’ हा मेसेज सगळ्यांनी बघितलेला असतो आणि सगळ्यांना त्याचा राग येतो. पण तो मेसेज तुमच्या बाजूचा आहे. कुणीतरी अजून फाईल धरून बसलंय, अँटीव्हायरस तपासत असेल, फोटोंची छोटी चित्रं बनवणं चालू असेल, मागे एखादी वर्डची फाईल उघडी राहिली असेल, लिनक्सवर तर नुसती टर्मिनलची एखादी खिडकी त्या फोल्डरमध्ये उभी असेल तरी पुरतं. तिथे ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूजर’ ही कमांड दिली की कोण धरून बसलंय ते नावानिशी कळतं. काही जण शॉर्टकट म्हणून ‘लेझी’ अनमाऊंट करायला सांगतात, ते मला अजिबात पसंत नाही, कारण त्याने फोल्डर झाडावरून लगेच नाहीसं होतं, बघणाऱ्याला वाटतं काम झालं, पण ज्या प्रोग्रामने फाईल धरलीये तो लिहीतच असतो आणि खरं अनमाऊंट त्याने सोडल्यावरच होतं. दिसायला बंद आणि आतून चालू, यापेक्षा वाईट अवस्था ड्राईव्ह काढायला दुसरी कुठली नाही. काहीच सुचत नसेल तर सगळे प्रोग्राम बंद करा, तरीही होत नसेल तर कम्प्युटर शटडाऊन करा आणि मग काढा.

शटडाऊनमध्येही एक मेख आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ म्हणून प्रकार आलाय. त्यात शटडाऊन केलं की विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं. त्यामुळे आतल्या एनटीएफएस डिस्क खऱ्या अर्थाने अनमाऊंट झालेल्याच नसतात. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणारी मुलं खूप आहेत, आणि लिनक्सने विंडोजची डिस्क लिहिण्यासाठी माऊंट करायला नकार दिला की जबरदस्तीचे ऑप्शन शोधतात. तो नकार त्यांच्याच भल्यासाठी असतो. विंडोज जागं झाल्यावर आपल्या आठवणीतली डिस्क खरी धरून चालणार आणि लिनक्सने मधल्या वेळात ती बदललेली, मग दोघांच्या हिशोबाची टक्कर होते. यावर उपाय साधा आहे, फास्ट स्टार्टअप बंद करायचं, किंवा शटडाऊनऐवजी ‘रीस्टार्ट’ घेऊन लिनक्समध्ये जायचं, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज खरंच पूर्ण बंद होतं.

एका वेळी मालक एकच, ही गोष्ट मोबाईलवाल्यांच्याही कामाची आहे. जुने अँड्रॉईड फोन केबलने जोडले की फोनमधलं मेमरी कार्ड फोनपासून सुटायचं आणि कम्प्युटरकडे माऊंट व्हायचं, तेवढा वेळ फोनवर गाणी नाहीत, फोटो नाहीत, कार्डावर टाकलेली ॲप्सही गायब. लोकांना वाटायचं फोन बिघडला. २०११ च्या अँड्रॉईड ३ पासून एमटीपी आलं, त्यात फाईल सिस्टीमचा ताबा फोनकडेच राहतो आणि कम्प्युटर नुसता फाईल मागतो किंवा देतो. त्यामुळे मधेच केबल निघाली तर ती एक फाईल अर्धवट राहते पण अख्ख्या स्टोरेजचा हिशोब बिघडत नाही. हीच चूक मोठ्या ऑफिसांत सर्व्हरवर होते, एकच डिस्क दोन मशीनना जोडून दोन्हीकडे माऊंट करतात, आणि ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस अशा वापरासाठी बनवलेल्याच नाहीत, त्यासाठी जीएफएस२, ओसीएफएस२ अशा वेगळ्या फाईल सिस्टीम असतात. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला माहीत नाही, दुसरा त्याच्यावरच लिहितो, आणि थोड्या वेळात दोघांचंही जातं.

आता माऊंटमुळे डेटा ‘गायब’ होण्याचा एक प्रकार, ज्यात खरं तर काहीच गेलेलं नसतं. लिनक्सवर ज्या फोल्डरला डिस्क जोडतात त्या फोल्डरमध्ये आधीपासून फायली असतील तर त्या झाकल्या जातात. डिलीट होत नाहीत, फक्त वर दुसरी डिस्क आल्यामुळे दिसत नाहीत, अनमाऊंट केलं की जशाच्या तशा. एका ऑफिसात मी बघितलेली गोष्ट सांगतो. तिथे रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप व्हायचा, कधीतरी सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि ती डिस्क माऊंट झालीच नाही, पण बॅकअपच्या प्रोग्रामला त्याचं काय, फोल्डर तर होतं, तो त्याच रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मुख्य डिस्कवरच, इमानेइतबारे लिहीत राहिला. बॅकअप यशस्वी झाल्याचे मेसेज रोज येत होते. मुख्य डिस्क भरत आली तेव्हा कुणीतरी बघितलं, बाहेरची डिस्क माऊंट केली, आणि झालं, मधल्या काळातले सगळे बॅकअप झाकले गेले. डिस्क भरलेली दाखवतेय पण भरलीये कशाने ते दिसत नाही, दोन माणसं डोकं धरून बसलेली. डिस्क अनमाऊंट करून खाली बघितलं तर सगळं तिथेच. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच ‘इथे खरंच डिस्क माऊंट आहे का’ हे तपासणारी एक ओळ घालावी, त्यासाठी ‘माऊंटपॉईंट’ नावाची कमांडच आहे, आणि नसेल तर सरळ थांबून ओरडावं. रोजचा यशस्वी बॅकअप मुळात चुकीच्या डिस्कवर होता हे ज्या दिवशी मुख्य डिस्क जळेल त्या दिवशी कळलं असतं तर काय, या विचाराने मला आजही धस्स होतं. याच्या अगदी उलट प्रकार टीएमपीएफएसचा, ती फाईल सिस्टीम फक्त मेमरीत असते, अनमाऊंट केली की आतलं सगळं संपलं, तिथे कामाचं काही ठेवूच नये.

सगळ्यात कळकळीने जे लिहायचंय ते आता. ड्राईव्ह जोडल्यावर विंडोज कधी कधी म्हणतं की हा ड्राईव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? हात जोडून सांगतो, तिथे ‘हो’ दाबू नका. त्या मेसेजचा अर्थ डेटा गेला असा नाहीये. त्याचा अर्थ एवढाच की माऊंट करता आलं नाही, हिशोबाचं पहिलं पान वाचता आलं नाही किंवा ती फाईल सिस्टीम विंडोजला ओळखता येत नाही. लिनक्सवर बनवलेली अगदी ठणठणीत डिस्क जोडली तरी विंडोज असंच विचारू शकतं. आणि पहिलं पान खराब झालं तरी त्याची दुसरी प्रत बहुतेक असते. फॅट३२ मध्ये साधारणपणे ६ नंबरच्या सेक्टरवर (सेक्टर म्हणजे मघाशी सांगितलेला नंबर घातलेला तुकडा), एनटीएफएसमध्ये पार्टिशनच्या अगदी शेवटी, ईएक्सटी४ मध्ये तर डिस्कभर ठराविक अंतरावर अनेक प्रती, ४ केबीचे ब्लॉक, म्हणजे अशा तुकड्यांचे गठ्ठे, असतील तर त्यातली पहिली ३२७६८ व्या ब्लॉकवर. जाणकार माणूस त्यावरून बऱ्याचदा सगळं परत उभं करतो. पण तुम्ही फॉरमॅट केलंत की काम अवघड होतं, आणि विंडोज व्हिस्टापासून पुढे ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं तर विंडोज अख्ख्या ड्राईव्हवर शून्यं लिहितं, मग जगात कुणीही काही करू शकत नाही. एसएसडी असेल तर क्विक फॉरमॅटसुद्धा महागात पडू शकतं, कारण ही सगळी जागा आता मोकळी समज असं तिला कळवलं जातं आणि ती आतून पुसायला घेते.

तसंच विंडोजचं ‘चेकडिस्क’ किंवा लिनक्सचं ‘एफएससीके’ ही डिस्क दुरुस्त करणारी साधनं लगेच चालवू नका. ती साधनं चांगली आहेत, पण त्यांचं काम फाईल सिस्टीमचा हिशोब जुळवणं हे आहे, तुमच्या फायली परत देणं हे नाही, आणि हिशोब जुळत नसेल तर नोंद कापून टाकून जुळवणं हाही त्यांच्या लेखी योग्य मार्ग असतो. उरलेले तुकडे मग नाव नसलेल्या फायली बनून ‘लॉस्ट अँड फाउंड’ नाहीतर ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये पडतात. आधी पूर्ण ड्राईव्हची इमेज घ्या, म्हणजे तुकड्याला तुकडा अशी हुबेहूब प्रत, आणि दुरुस्ती जी करायची ती त्या प्रतीवर.

परत परत लावून बघणंही टाळा. माऊंट करणं म्हणजे नुसतं वाचणं असा समज आहे, तो बरोबर नाही. विंडोज बऱ्याच ड्राईव्हवर आपलं ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ फोल्डर बनवतं, मॅक आपल्या सर्चच्या आणि कचरापेटीच्या लपलेल्या फायली टाकतो. ईएक्सटी४ तर ‘फक्त वाचायचं’ असं सांगून माऊंट केली तरी जर्नलमध्ये काही राहिलेलं असेल तर ते आधी डिस्कवर लिहून घेते, तसं नको असेल तर ‘नोलोड’ हा ऑप्शन वेगळा द्यावा लागतो. गुन्ह्याच्या तपासात जप्त केलेली डिस्क तपासतात तेव्हा मधे लिहिणं अडवणारं यंत्र लावतात ते याचसाठी. घरच्या माणसाला ते शक्य नाही, पण ज्या ड्राईव्हमध्ये एकमेव प्रत अडकलीये तो पाच मित्रांच्या पाच लॅपटॉपला लावून बघणं तर थांबवता येईल. तेव्हा तो ड्राईव्ह काढून बाजूला ठेवायचा आणि जो हे काम करतो त्याच्याकडे तसाच न्यायचा.

कम्प्युटर बनवणाऱ्यांकडेही एक मागणी आहे, तुमच्या पेपरातून ती कुणापर्यंत पोचली तर आनंदच होईल. कॉपीची खिडकी बंद व्हायची वेळ चुकीची आहे. रॅममध्ये गेलं की ती बंद होते, ड्राईव्हवर गेल्यावर व्हायला हवी, निदान बाहेरून जोडलेल्या ड्राईव्हच्या बाबतीत तरी. सिस्टीमला किती लिहायचं राहिलंय ते ठाऊक असतं, लिनक्समध्ये तर तो आकडा कुणालाही बघता येतो. मग तोच आकडा साध्या माणसाला ‘अजून एवढं लिहायचं राहिलंय’ असा समोर दाखवायला काय हरकत आहे, मला खरंच कळत नाही.

तुमच्याकडे मागणी एवढीच की त्या चौकटीची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. लोक पेपरात छापलेलं खरं मानतात, माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निदान दोघांनी तरी ‘पेपरातच आलं होतं की’ असं मला ऐकवलंय. जागा कमी असेल तर दोनच वाक्यं छापा: ड्राईव्ह काढायच्या आधी इजेक्ट करा आणि ‘आता काढू शकता’ असं येईपर्यंत थांबा. आणि ड्राईव्ह फॉरमॅट करायला सांगत असेल तर ‘नाही’ म्हणा, काढून ठेवा आणि जाणकाराला विचारा.

कळावे,
आपला एक नियमित वाचक